घरापुढचा सुरक्षा खांब : कातळात बसवलेल्या टेलिस्कोपिक पोस्टचा एका पावसाळ्यानंतरचा आढावा

नाशिकमध्ये इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा यांच्या दरम्यान असलेल्या आमच्या रो-हाउसच्या वसाहतीत घरांना स्वतंत्र फाटके नाहीत. प्रत्येक घरापुढे पेव्हर ब्लॉक बसवलेली उघडी जागा आहे आणि गाडी तिथेच उभी राहते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मागच्या गल्लीतील एका कुटुंबाची गाडी मध्यरात्रीनंतर चोरीला गेली. त्यांच्या कॅमेऱ्यातील चित्रीकरण मी पाहिले आहे : दोन माणसे आली, काच फुटली नाही, गजर वाजला नाही, आणि चार मिनिटांच्या आत गाडी स्वतःच्याच दिव्यांच्या उजेडात कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली. गाडीच्या दोन्ही किल्ल्या त्या वेळी घरातील कपाटात होत्या.

हे कसे घडते ते समजून घेतल्याशिवाय खांबाची गरज पटत नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या किल्लीतून निघणारा क्षीण रेडिओ संकेत घराच्या दारापाशी धरलेल्या एका यंत्राने पकडून गाडीजवळच्या दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचवता येतो, आणि मग किल्ली शेजारीच आहे असे समजून गाडी दार उघडते व सुरूही होते. दुसरा मार्ग स्टिअरिंगखाली असलेल्या, मेकॅनिक बिघाड तपासायला वापरतात त्या ओबीडी सॉकेटचा : तिथे यंत्र जोडून गाडीच्या संगणकात नवी किल्ली नोंदवली जाते. दोन्ही प्रकारांत गाडीची इलेक्ट्रॉनिक राखण तिच्याच भाषेत बोलून फसवली जाते. चाकांच्या वाटेत जमिनीत रोवलेल्या लोखंडाला मात्र अशी कोणतीही भाषा कळत नाही, आणि एवढ्याच कारणासाठी मी खांबाच्या शोधाला लागलो.

विम्याविषयी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण शेजाऱ्यांच्या चोरीनंतर आमच्या वसाहतीत त्यावर बराच गैरसमज दिसला. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी चोरीला गेल्यावर काहीही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग विम्यात असावा लागतो, आणि तेव्हाही भरपाई पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे गाडीच्या विम्यापुरत्या ठरवलेल्या किमतीच्या, मर्यादेतच मिळते. विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या, पोलिसांकडील एफआयआर आणि पुढे गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अहवाल मागते. घरापुढे खांब बसवला म्हणून हप्त्यात सूट मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेल्या ज्या चोरीविरोधी साधनांना सूट मिळते, ती गाडीत बसवायची साधने असतात.

बाजारात घरगुती वापराचे खांब साधारण चार प्रकारचे मिळतात. कायमचा रोवलेला खांब सर्वांत भक्कम आणि सर्वांत स्वस्त असतो, पण रोज गाडी काढायची असेल त्या वाटेच्या मध्यभागी तो उपयोगाचा नाही. रुंद जागेच्या कडा बंद करण्यासाठी तो योग्य आहे. फोल्डिंग खांब बिजागरीवर आडवा पडतो. काढता येणारा खांब जमिनीतील खोबणीतून उचलून बाजूला ठेवावा लागतो. टेलिस्कोपिक खांब जमिनीत पुरलेल्या बाहेरच्या नळीत खाली सरकतो आणि कुलूप उघडून वर ओढला की उभा राहतो. मोटारवर किंवा हायड्रॉलिक दाबावर आपोआप वरखाली होणारे खांब हॉटेले आणि कार्यालये यांच्यासाठी आहेत. वीज, साचलेले पाणी उपसण्याचा पंप आणि वार्षिक देखभाल यांचा विचार केला तर एका घरासाठी ते मला योग्य वाटले नाहीत.

माझी पहिली निवड चुकली आणि त्या चुकीची किंमत चार हजार रुपये होती, म्हणून ती सविस्तर लिहितो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ३,२०० रुपयांचा फोल्डिंग खांब मागवला. त्याच्या वर्णनात धडक सहन करणारा अशा अर्थाचे शब्द ठळक अक्षरांत होते. बसवायला आलेल्या कारागिराने ८०० रुपये घेऊन पेव्हर ब्लॉकमध्ये चार छिद्रे पाडली, चार अँकर बोल्ट ठोकले आणि अर्ध्या तासात काम संपवले. खांब दिसायला उत्तम होता. तीन आठवड्यांनी एक कुरिअरची गाडी मागे घेताना त्याला हलकेच टेकली, इतकी हलके की गाडीच्या बंपरवर ओरखडाही उठला नाही. खांब मात्र चारही बोल्टसह आणि बोल्टमध्ये अडकलेल्या दोन ब्लॉकसह उचलला गेला. खाली पाहिले तर ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक आणि त्याखाली भुसभुशीत कचेचा, म्हणजे दगडाच्या चुऱ्याचा, थर, एवढाच काय तो त्या खांबाला आधार होता. विक्रेत्याने बसवण्याच्या कामाची जबाबदारी आमची नाही असे कळवले आणि कारागिराने फोन उचलणे बंद केले.

फोल्डिंग खांब हा प्रकारच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. खाली सहा इंचांचा घट्ट काँक्रीटचा कोबा असेल तर त्यावर तो बऱ्यापैकी टिकतो. पण पेव्हर ब्लॉक ही चालण्याची फरशी आहे, पाया नव्हे, आणि नाशिकमध्ये आज बहुतेक नव्या घरांपुढे पेव्हर ब्लॉकच असतात. त्यांवर बोल्टने बसवलेला कोणताही खांब, तो कितीही जाड असला तरी, पहारीने दोन मिनिटांत निघतो. धडकेच्या दाव्यांबद्दलही सावध राहावे. पीएएस ६८ किंवा आयडब्ल्यूए १४-१ ही मानके ठरावीक वजनाचे वाहन ठरावीक वेगाने आदळवून तपासलेल्या अडथळ्यांची आहेत आणि ते अडथळे सरकारी इमारती, विमानतळ अशा ठिकाणी लागतात. घरापुढच्या खांबाचे काम वेगळे : शेजारीच उभी असलेली, वेग घ्यायला जागा नसलेली गाडी रोखणे आणि कुलूप तोडायला चोराला वेळ व आवाज यांचा खर्च करायला लावणे. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची संस्था कुलपे आणि अशी साधने अवजारांनी फोडून पाहते आणि त्यांना दर्जा देते. आपल्याकडील खरेदीत असे प्रमाणपत्र माझ्या हाती आले नाही, त्यामुळे पाइपची जाडी, कुलपाची जागा आणि पाया या तीन गोष्टी स्वतः तपासण्याला पर्याय उरला नाही.

दुसऱ्या वेळी मी आधी फीत घेऊन बसलो. आमच्या जागेची दोन भिंतींमधील रुंदी २,८०० मिलिमीटर आहे. मध्यभागी ८९ मिलिमीटर व्यासाचा एकच खांब उभा केला तर दोन्ही बाजूंना साधारण १,३५५ मिलिमीटर जागा उरते. माझी क्रेटा १,७९० मिलिमीटर रुंद आहे, आणि अल्टोसारखी छोटी गाडीदेखील १,४९० मिलिमीटरची असते. म्हणजे एका खांबाने वाट बंद होते, दुचाकी आणि आईची चाकाची खुर्ची मात्र सहज जाते. विक्रेते अनेकदा दोन किंवा तीन खांब गळ्यात मारतात. जागा तीन मीटरच्या आत असेल तर हा हिशेब करून पाहावा. खांब गाडीपासून एका वितीपेक्षा फार दूर नसावा, म्हणजे गाडीला वेग घेऊन आदळण्याइतकी जागा मिळत नाही. मात्र तो आपल्याच हद्दीच्या आत हवा. पदपथावर किंवा महापालिकेच्या रस्त्यावर असा खांब रोवणे हे अतिक्रमण ठरते. वसाहतीतील जागा सामाईक असेल तर गृहनिर्माण संस्थेची लेखी ना-हरकत आधी घ्यावी. मी घेतली, आणि त्या निमित्ताने संस्थेकडील जुन्या नकाशात आमच्या दारातून जाणारी पाण्याची वाहिनी नेमकी कुठून जाते तेही कळले.

खांब मी तयार विकत न घेता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला. हा निर्णय या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चांगला निर्णय होता असे आज वाटते. त्यांनी प्रथम पाइप दाखवले. तीन इंची जीआय, म्हणजे झिंक चढवलेल्या, पाइपच्या हलक्या वर्गावर पिवळा, मध्यम वर्गावर निळा आणि जड वर्गावर, म्हणजे ज्याला बाजारात सी क्लास म्हणतात त्यावर, लाल पट्टा असतो. बाहेरून तिन्ही पाइप सारखेच दिसतात, पण हलक्याची जाडी ३.२ मिलिमीटर आणि जडाची ४.८ मिलिमीटर असते. त्यांनी दोन्हींचे कापलेले तुकडे माझ्या हातात दिले. फरक तळहाताला लगेच कळला. जड पाइप मीटरला सुमारे दहा किलो भरतो. आतला खांब सी क्लासचा आणि बाहेरची नळी चार इंची मध्यम वर्गाची असे ठरले.

मी झिंक चढवलेला पाइप घेऊन त्यावरच वेल्डिंग करावे, म्हणजे वेळ वाचेल, असे सुचवले तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. "काका, वेल्डिंगच्या जागी झिंक जळून जातं आणि गंज बरोबर तिथूनच सुरू होतो. आधी काळ्या पाइपवर सगळं वेल्डिंग, सगळी भोकं, आणि मग अख्खा नग झिंकच्या टाकीत." वितळलेल्या जस्तात, सुमारे ४५० अंश तापमानाला बुडवून काढलेल्या खांबावरचा थर खरखरीत आणि राखाडी असतो, शोरूममधल्या खांबासारखा चकचकीत नसतो, पण तो आतून-बाहेरून सारखा बसतो. स्टेनलेस स्टीलही त्यांनी सुचवले होते, परंतु समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नाशिकच्या हवेत त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही.

कुलपाची रचना हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. पहिल्या खांबाला बाहेर लोंबणारे साधे कुलूप होते, जे कटरने एका दाबात तुटले असते. नव्या खांबात सिलिंडर कुलूप पाइपच्या आत बसवले आहे आणि त्याची जाड पट्टी बाहेरच्या नळीच्या खाचेत शिरते, त्यामुळे कटर लावायला बाहेर काहीच सापडत नाही. किल्लीच्या भोकावर फिरते झाकण आहे. वर उभा असताना खांब जमिनीपासून ६०० मिलिमीटर उंच असतो आणि १५० मिलिमीटर भाग नळीतच राहतो. हा आतला भाग कमी ठेवला तर खांब डुगडुगतो.

खड्डा मात्र आमच्या कल्पनेपेक्षा फार अवघड निघाला. नळी ८०० मिलिमीटर, तिच्याखाली १५० मिलिमीटर खडी, म्हणजे ९५० मिलिमीटर खोल आणि चारशे बाय चारशेचा चौकोन. नाशिकची जमीन ठिकाणागणिक बदलते; गोदाकाठच्या भागात काळी माती खोल जाते, आमच्याकडे हातभर मुरूम आणि त्याखाली पांडवलेणी ज्या दगडात कोरली आहेत तसलाच काळा बेसाल्ट. पहिला फूट बिगाऱ्याने टिकावाने काढला आणि पुढे ब्रेकर आणावा लागला. काळी माती असलेल्यांची अडचण उलट आहे : ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया वर्षभरात कलतो, आणि तिथे मुरूम लागेपर्यंत खाली जाणेच योग्य.

खड्डा झाल्यावर फॅब्रिकेटरांनी केलेली एक साधी परीक्षा मी कधीही विसरणार नाही. त्यांनी एक बादली पाणी त्यात ओतले आणि चहा घेऊ म्हणाले. एका तासाने पाहिले तर पाणी जसेच्या तसे होते. टेलिस्कोपिक खांबाबद्दलच्या बहुतेक सूचनांत तळाशी खडी घाला, पाणी मुरून जाईल असे लिहिलेले असते. ते पाणी पिणाऱ्या मातीत खरे आहे. अखंड कातळात पाडलेला खड्डा ही टाकीच असते. त्यात खडी घातली काय आणि न घातली काय, पहिल्या मोठ्या पावसात नळी भरणार, कुलपात गाळ शिरणार आणि खांब आतच अडकून बसणार. परीक्षा केली नसती तर हे सारे काँक्रीट झाल्यानंतर, जुलैत कळले असते.

उपाय खर्चिक होता. तीन मीटर अंतरावर वसाहतीच्या पावसाळी पाण्याचा १,२०० मिलिमीटर खोल चेंबर आहे. नळीच्या तळापासून तिथपर्यंत दगडात चर खोदून, उतार देऊन दीड इंची पीव्हीसी पाइप टाकला आणि चेंबर तुंबल्यास पाणी उलटे येऊ नये म्हणून त्याच्या तोंडाशी एकाच बाजूने उघडणारी झडप बसवली. त्यासाठी ब्रेकर आणखी एक पूर्ण दिवस चालला. जवळ असा खोल चेंबर नसेल आणि बादलीची परीक्षा नापास झाली, तर टेलिस्कोपिकचा हट्ट सोडून काढता येणारा खांब घ्यावा, कारण त्याची खोबण फूट-दीड फूट खोल असली तरी पुरते आणि साचलेले पाणी स्पंजने टिपता येते.

बाकीचे काम गवंड्याने नीट केले. १:१.५:३ या प्रमाणात सिमेंट, क्रश सँड आणि खडी. एका खांबाला साधारण एक गोणी सिमेंट लागले आणि खांबाभोवती सुमारे तीनशे किलोचा काँक्रीटचा ठोकळा तयार झाला. नळीचे तोंड चिकटपट्टीने बंद केले होते, म्हणजे आत माल जाऊ नये. ओळंबा दोन बाजूंनी धरून पाहिला. नळीचा वरचा काठ फरशीपेक्षा जेमतेम पाव इंच वर ठेवला, कारण तो समपातळीत ठेवला तर वाहते पाणी आत जाते आणि जास्त वर ठेवला तर पाय अडखळतो. मार्चचे ऊन होते, म्हणून ओले गोणपाट टाकून सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारले. काँक्रीटला ठरलेली ताकद २८ दिवसांनी येते, त्यामुळे तोवर गाडी मी त्यावरून नेली नाही. गाडी गल्लीच्या टोकाला एका नातेवाइकांच्या आवारात ठेवली.

एकूण खर्च असा झाला : खांब, नळी, कुलूप आणि झिंक मिळून १४,५०० रुपये, खोदाई, ब्रेकर, काँक्रीट आणि पाइप मिळून ११,००० रुपये. मुरमाच्या जमिनीत दुसरा आकडा निम्म्याहून कमी झाला असता.

आता वापराविषयी. खांब सुमारे नऊ किलोचा आहे आणि तो रोज कमरेत वाकून वर ओढावा लागतो. मला त्याचे काही वाटत नाही, पण पत्नीला कंबरदुखी आहे, म्हणून फॅब्रिकेटरांनी वरच्या झाकणात अडकवायचा टी आकाराचा लांब दांडा करून दिला. आता तीही उभ्यानेच खांब ओढते. वर ओढून कुलूप लावायला वीस सेकंद लागतात. पहिल्या महिन्यात एकदा मीच खांब उभा असल्याचे विसरून गाडी हलवली आणि बंपरला खोक पडली. त्यानंतर खांबावर लाल-पांढरी चकाकती पट्टी लावली आणि गाडीची किल्ली व खांबाची किल्ली एकाच कडीत अडकवली. खांबाची दुसरी किल्ली दाराच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही अशा खुंटीवर असते. घरात ८१ वर्षांची आई आहे आणि रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर ती किल्ली शोधत बसणे परवडणार नाही.

पावसाळ्यात नळीत पाणी साचले नाही, पण बारीक गाळ उतरला. शेजारच्या रस्त्याचे काम झाल्यापासून रस्ता आमच्या अंगणापेक्षा वर गेला आहे आणि मोठ्या पावसात तिथली माती आत येते. ऑगस्टमध्ये खांब खरखरत वर येऊ लागला. बाहेर काढून नळी धुतली, कुलपात तेलाऐवजी ग्रॅफाइटची भुकटी घातली, कारण तेलाला गाळ चिकटतो, आणि खांब पूर्ववत झाला. गणपतीनंतर फॅब्रिकेटर स्वतः येऊन पाहून गेले आणि तोंडाशी असलेली रबरी कडी पैसे न घेता बदलून दिली. जस्ताच्या थरावर गंजाचा ठिपका नाही. गवंड्याच्या पोराने आणि मी मिळून पहारीने उचकटून पाहिले. ठोकळा हलला नाही.

या खांबाने काय होत नाही तेही सांगायला हवे. क्रेनने उचलून नेलेली गाडी तो रोखू शकत नाही. काच फोडून आतली बॅग नेणे किंवा सायलेन्सर कापून नेणे, जे ईको गाड्यांच्या बाबतीत राज्यात अनेकदा घडले आहे, त्यावरही त्याचा काही उपाय नाही. शिवाय गाडीच्या किल्लीचा रेडिओ संकेत बाहेर जाऊ नये म्हणून ती आम्ही आता पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो. डबा हातात घेऊन गाडीशेजारी उभे राहिल्यावर दार उघडले नाही, तेव्हाच तो डबा कामाचा ठरवला, कारण पहिला डबा या परीक्षेत उतरला नव्हता.

चेंबरकडील झडपेत दिवाळीच्या साफसफाईत पिंपळाची पाने अडकलेली सापडली आणि झडप अर्धवट उघडीच राहिली होती. तिच्यापुढे बारीक जाळी बसवण्याचे काम सातपूरला सांगितले आहे.